अकोल्याचं ऑफिस

माझे बाबा पाटबंधारे खात्यात लिपिक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही ते पावणेदहाला इस्त्रीचा शर्ट घालतात, खिशाला पेन लावतात आणि कुठेच जात नाहीत. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचतात. दीड ते दोन जेवणाची सुटी घेतात. संध्याकाळी पावणेसहाला शर्ट काढून खुंटीला टांगतात आणि मग आईशी मोकळेपणाने बोलायला लागतात.

अमरावतीतल्या आमच्या कॉलनीत बहुतेक सगळे असेच. नोकरीतले नाहीतर नोकरीतून सुटलेले. नवं घर बांधणाऱ्याची चौकशी आडनावाने होत नाही, क्लासने होते. "क्लास टू हाय," असं कोणी म्हटलं की पुढचं विचारायचं कारण उरत नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची तीन दुकानं आहेत आणि त्याचा मुलगा नवी गाडी फिरवतो, तरी बाबांना त्याची मनापासून दया येते. रविवारी दुकान उघडं दिसलं की म्हणतात, "बिचाऱ्याले सुटी नाई."

अशा घरात मी कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन पुण्याच्या एका कंपनीत लागलो. दोन वर्षांनी कंपनीने सांगितलं, घरून काम केलं तरी चालेल. मी सामान बांधलं आणि अमरावतीला आलो. माझा पगार तेव्हा बाबांच्या शेवटच्या पगाराच्या जवळजवळ दीडपट होता. मला वाटलं होतं, आकडा ऐकून बाबा खूश होतील. त्यांनी आकडा ऐकला आणि विचारलं, "ऑर्डर कोनाच्या सहीची हाय?"

मी म्हटलं, ऑर्डर ईमेलने आली. बाबांनी ईमेल मोबाइलवर पाहिला, खाली-वर सरकवला आणि फोन मला परत दिला. सही नाही, शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. जिथे मस्टर नाही, साहेबाची खुर्ची नाही, ती नोकरी त्यांच्या लेखी नोकरी नव्हतीच. मी दिवसभर खोलीत बसून टकटक करतो आणि महिन्याअखेरीला बँकेत पैसे येतात, हे त्यांना कोणाला सांगण्यासारखं वाटेना. म्हणून त्यांनी कॉलनीत सांगून टाकलं की पोरगा परीक्षेची तयारी करून राहिला.

मला हे पुष्कळ उशिरा कळलं. शेजारच्या काकांनी एकदा मला गेटपाशी थांबवलं, खांद्यावर हात ठेवला आणि धीर दिला. त्यांचा भाचा पाचव्या प्रयत्नात निघाला होता. मी धन्यवाद म्हणालो. त्या महिन्यात मी आईला नवा फ्रिज घेतला होता. काकांच्या हिशेबाने तो बाबांच्या पेन्शनमधून आला होता आणि मला त्याची लाज वाटायला हवी होती.

कंपनीत माझी मॅनेजर होती, पुण्याची, वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, मीही तिला नावाने आणि अगं-तुगं करायचो. एकदा बाबांनी हे दारातून ऐकलं. लॅपटॉप बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, माझी साहेब. बाबा पलंगावर बसलेच. पस्तीस वर्षांत त्यांनी एकाही साहेबाचं नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं. एक साहेब तर बदलून गेल्यावर, निरोप समारंभाच्या फलकावर, त्यांना पहिल्यांदा नावानिशी कळले होते.

पुढच्या सोमवारी मीटिंग सुरू असताना बाबा खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मी कॅमेरा बंद करायच्या आत माझ्या मागे उभे राहून त्यांनी हात जोडले.

"जयभीम मॅडम. दोन मिनिटं घेतो. पोरगा परमनंट हाय का?"

पडद्यावर आठजण होते. मॅनेजर गांगरली, पण हसली नाही. हो म्हणाली, त्याला कन्फर्म केलं आहे. बाबा म्हणाले, मग तसं लेखी द्या, कंपनीच्या कागदावर, गोल शिक्क्यानिशी. ती म्हणाली, पाठवते काका. बाबांनी तिचे आभार मानले, बाकीच्या सातजणांनाही नमस्कार केला आणि ते बाहेर गेले. उरलेली मीटिंग मी टेबलाकडे बघत काढली.

आठवड्याभरात खरंच कुरिअर आलं. छापील कागद, खाली सही, आणि निळा गोल शिक्का. नंतर तिने मला सांगितलं की कंपनीत असा शिक्का आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, तो शोधायला दोन दिवस लागले आणि पॅड वाळलेलं होतं म्हणून नवं आणावं लागलं. बाबांनी कागद खिडकीपाशी नेऊन वाचला. जावक क्रमांक नसल्याबद्दल थोडे नाराज झाले. पण त्याच दिवशी बाजारात जाऊन त्यांनी तो लॅमिनेट करून आणला आणि कॉलनीत माझी परीक्षा संपवून टाकली. आता ते सांगायला लागले, "प्रायव्हेट हाय, पन परमनंट हाय."

त्यानंतर दीडएक वर्षाने, पोळ्याच्या आठवड्यात, कंपनीने पन्नास-साठ माणसं कमी केली. मला पंधरा मिनिटांचा कॉल आला. मॅनेजरने समोर धरलेल्या कागदावरून सगळं वाचून दाखवलं. तीन महिन्यांचा पगार मिळणार होता. शेवटी कागद बाजूला ठेवून ती म्हणाली, "काळजी घे." सकाळचे पावणेअकरा वाजले होते. बाहेर अंगणात बाबा कोणाला तरी हळू बोलायला सांगत होते, कारण आत मीटिंग चालू होती.

मला सांगता आलं नाही. जेवताना सांगू असं ठरवलं, जेवताना बाबांनी भाजीला मीठ कमी आहे म्हटलं आणि मी उठून मिठाची बरणी आणली. मग आठ दिवस मी रोज दहाला दार लोटून लॅपटॉप उघडून बसायचो. नोकऱ्या शोधायच्या, अर्ज टाकायचे, मधूनमधून उगाच मोठ्याने "येस, येस" म्हणायचं. नवव्या दिवशी दिवसभर लाइट गेली. लॅपटॉप बंद पडला. बाबा दारात येऊन म्हणाले, "मुख्यालयाले कळव. नाई तं विनापरवानगी गैरहजेरी लागन."

दिवसभर मी त्यांच्यासमोर पलंगावर बसून राहिलो आणि संध्याकाळी सांगून टाकलं की कंपनीने अकोल्याला ऑफिस उघडलंय, आता रोज तिकडे जावं लागेल.

अकोलाच का, तर अमरावतीचं ऑफिस सांगितलं असतं तर बाबा दुपारपर्यंत ते बघून आले असते. शिवाय अकोल्यात माझा हॉस्टेलचा मित्र होता.

बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. माझा पगार दीडपट होता तेव्हाही तो असा फुलला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच आईला उठवून डबा करायला लावला, स्कूटरवरून मला बडनेऱ्याला सोडलं आणि फलाटावर रोज अकोल्याला जाणाऱ्या नोकरदारांच्या घोळक्यापाशी नेऊन उभं केलं. म्हणाले, "हा पन आता अप-डाऊनले हाय." लोकांनी सरकून मला जागा करून दिली. बाबा गाडी हलेपर्यंत खिडकीशी थांबले होते. माझ्या मांडीवरच्या डब्यात मेथीचे पराठे होते.

मित्राच्या घरचा धंदा फुलांचा. पातूरकडे त्यांचं शेत, शेवंती, झेंडू, थोडा गुलाब, आणि अकोल्याच्या बाजारात दुकान. मित्राकडे माझ्यासारखीच पदवी होती, पण त्याने एकदाही नोकरीचा अर्ज केला नव्हता. मी सगळं सांगितलं. त्याने एक गोणी अंथरली आणि गुलाबाच्या काड्या निवडायला दिल्या.

दुकान खरं त्याची आई चालवायची. आम्ही तिला काकू म्हणायचो. ती पुढच्या पाटावर बसायची, हार गुंफता गुंफता भाव सांगायची आणि बोटं कधी थांबायची नाहीत. पहिल्या दिवशी तिने माझी चौकशी केली. कंपनीत किती मिळायचे, हे तिने विचारलं नाही, कधी मिळायचे ते विचारलं. मी म्हटलं, महिन्याच्या शेवटी.

"आधी तीस दिवस काम, मंग पैसे?"

"हो."

"म्हंजे महिनाभर तूच कंपनीले उधार देत होता."

तिने पुढे विचारलं, कामावरून काढायचं कधी सांगितलं? मी म्हटलं, त्याच दिवशी. काकूने सुतळी दाताने तोडली. "आमचा भाव पडते, पन सकाळी आठले समजून जाते," ती म्हणाली आणि मला चहा सांगितला. तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. किराणावाल्याबद्दल बोलताना बाबांच्या आवाजात असायचं, तेच.

दर गुरुवारी एका बँकेचे साहेब हार घ्यायला यायचे. टाय लावलेले, गाडीतून उतरून येणारे. ते आधी भाव विचारायचे, मग दोन छोटे हार बघून एक घ्यायचे. ते गेले की, तारीख कोणतीही असली तरी, काकू म्हणायची, पगारी माणूस आहे बिचारा, महिन्याचा शेवट आहे. एकदा तर तिने त्यांच्या पुडीत दोन गुलाब जास्तीचे टाकले. काकूचे शहरात दोन प्लॉट होते, हे मला मित्राकडून कळलं, तेही तिथे गवत वाढलं म्हणून महापालिकेची नोटीस आली तेव्हा. ती स्वतः श्रीमंतीबद्दल बोलली तर विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायची. मे महिन्यात किती हात पाणी होतं, हे तिला दहा वर्षांचं तोंडपाठ होतं.

संध्याकाळी निघताना ती माझ्या हातात पैसे ठेवायची. मी नको म्हणायचो. ती ऐकायची नाही. कधी सातशे, कधी दोनशे, आणि एका धो-धो पावसाच्या दिवशी ऐंशी रुपये आणि पिशवीभर शेवंती. मला हे जड गेलं. पुढच्या मार्चमध्ये किती मिळणार हे माहीत असलेला माणूस मी, आणि इथे दुपारी चारला संध्याकाळचा आकडा माहीत नसायचा. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक परत गेलं की मी ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहायचो. काकू मात्र उठून पाणी शिंपडायची आणि पुढच्याला हाक मारायची.

उरलेली फुलं मी घरी आणायचो. आई ती विहारात नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, कुठून आणलीस? मी म्हटलं, ऑफिसात कार्यक्रम होता. मग आमच्या ऑफिसात रोजच कार्यक्रम व्हायला लागले. आई माझे शर्ट धुवायची आणि खिशातून झेंडूच्या पाकळ्या काढून ओट्यावर ठेवायची.

महिना संपत आला तेव्हा बाबांचे एक जुने सहकारी अकोल्यात निवृत्त होणार होते. बाबांनी मला सांगितलं नाही, कारण कार्यक्रम उरकून माझ्या ऑफिसात अचानक यायचं त्यांच्या मनात होतं. पण कार्यक्रमाला हार हवा. ते दुपारी फुलबाजारात आले आणि ओळीतल्या दुकानांपैकी नेमके काकूच्या दुकानापुढे थांबले, कारण तिथला हार जाड दिसत होता.

मी झेंडूच्या ढिगामागे गोणीवर बसलो होतो. उलट्या क्रेटवर लॅपटॉप होता, मित्राच्या लग्नसराईच्या ऑर्डरी मी त्यात टाकत होतो. आवाज ओळखीचा वाटला म्हणून मान वर केली. बाबा काकूशी भावाची घासाघीस करत होते. काकू दीडशे म्हणाली, ते शंभर म्हणाले, एकशेवीसला जमलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

मी उठून उभा राहिलो, मांडीवरची फुलं खाली पडली. काकूला यातलं काही कळलं नाही, ती हार पानात बांधत होती. बाबांनी पैसे दिले आणि तिला विचारलं, "पावती भेटन का?"

आयुष्यात काकूकडे हाराची पावती कोणी मागितली नव्हती. तिने मागे न बघताच मला सांगितलं, "बाबू, या सायबाले पावती लिहून दे."

मी वहीचं पान फाडलं. एक हार, एकशेवीस रुपये. खाली सही केली. बाबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि परत माझ्यापुढे केला.

"तारीख राहिली."

मी तारीख घातली. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, हार उचलला आणि ते गेले.

संध्याकाळी स्टेशनवर ते बाकावर बसलेले दिसले. मी शेजारी जाऊन बसलो. गाडी आली, आम्ही चढलो, त्यांनी मला खिडकी दिली. मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला. मूर्तिजापूर सुटल्यावर त्यांनीच बोलायला सुरुवात केली, आणि ते माझ्याबद्दल बोललेच नाहीत.

माझे आजोबा वलगावात दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायचे, एवढं मला माहीत होतं. मजुरी बाजाराच्या दिवशी मिळायची, हे माहीत नव्हतं. त्या दिवशी आजोबा अंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि मालकाच्या ओसरीपुढे जाऊन उभे राहायचे. मालक जेवत असला तर जेवण होईपर्यंत, झोपला असला तर उठेपर्यंत. कधी पैसे मिळायचे, कधी पुढच्या बाजाराला ये म्हणायचा. बाबांना नोकरी लागली आणि पहिला पगार घेऊन ते गावी गेले, तेव्हा आजोबांनी नोटांकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, कोणापुढे उभं राहावं लागलं? बाबा म्हणाले, कोणापुढेच नाही, रजिस्टरवर सही केली आणि पैसे दिले. आजोबांनी त्यांच्याकडून ते तीनदा वदवून घेतलं. कसलं रजिस्टर, कुठे सही, आणि मग लगेच दिले?

"म्हनून मले शिक्का लागते," बाबा म्हणाले. "तुले वाटते, म्हातारा बह्याड हाय."

मी म्हटलं, वेडा वगैरे काही नाही वाटत. थोडं वाटायचं, पण तेव्हा वाटत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि माझे डोळे भरले होते. बाबांनी ते पाहिलं की नाही, माहीत नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "थे बाई पैसे कधी देते?"

"रोज. संध्याकाळी."

"उभं राहा लागते?"

"नाही. ती स्वतःच हातात ठेवते. मी नको म्हटलं तरी."

बाबांनी यावर पूर्ण एक स्टेशनभर विचार केला. "मंग चांगली बाई हाय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "पन पीएफ नाई."

घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं की याची नोकरी गेली. आई म्हणाली, मला माहीत आहे. ऑफिसच्या फायलीत पाकळ्या नसतात, एवढं तिला कळत होतं. बाबा तिच्यावर दोन दिवस रागावले, माझ्यावर नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र ते कंपनीवर रागावले, आणि रागावण्याची त्यांची पद्धत एकच. त्यांनी निवेदन लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय. सोबत लॅमिनेट केलेल्या पत्राची झेरॉक्स जोडली आणि विचारलं की परमनंट असल्याचं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेल्या कर्मचाऱ्यास कोणत्या नियमाने कमी केलं, ते कळवावं. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. सगळा कारभार ईमेलवर चालवणाऱ्या कंपनीला हे निवेदन कोणाच्या टेबलावर ठेवावं हेच कळेना, कारण टेबलं नव्हती.

दहा-बारा दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. माझ्यानंतर पंधरा दिवसांनी तिलाही काढलं होतं. तिच्या सहीच्या पत्राचा संदर्भ होता म्हणून कोणीतरी निवेदनाचा फोटो तिला पाठवला होता. ती म्हणाली, बाबांना फोन दे. मला वाटलं, भांडेल. अर्धा तास दोघं बोलत होते. बाबांनी तिला वय विचारलं, म्हणाले, वयोमर्यादेत आहात, परीक्षा द्या. फोन ठेवल्यावर त्यांनी पेन काढलं आणि तिच्यासाठीही एक निवेदन लिहायला घेतलं. तिने ते पाठवलं की नाही, मी विचारलं नाही. त्यानंतर ती दिवाळीला बाबांना फोन करते. मला मेसेज करते.

अकोल्याला मी दिवाळीनंतरही जात होतो, आता उजळ माथ्याने. फलाटावर बाबांनी लोकांना काय सांगितलं कोण जाणे, पण दोघातिघांनी घरच्या कार्यासाठी माझ्याकडे हारांची ऑर्डर दिली.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुसऱ्या कंपनीने मला मुलाखतीला घेतलं. मी ती दुकानाच्या मागच्या खोलीतून दिली. सगळं नीट झालं आणि शेवटी त्यांनी विचारलं, पगाराची अपेक्षा काय? मी एक आकडा सांगितला. समोरचा माणूस म्हणाला, चालेल. श्वासही घेतला नाही त्याने.

बाहेर येऊन मी काकूला आनंदाने सांगितलं. तिने हातातला हार खाली ठेवला. तिची बोटं थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"लगेच हो म्हनला?"

"लगेच."

"मंग तुनं भाव चुकवला. काहून येवढा कमी सांगतला?"

मला तिथे उभं राहून विचार करावा लागला. आधीच्या पगारापेक्षा तो आकडा बराच कमी होता. मी तो बाजार बघून काढला नव्हता. लाइट गेलेल्या दिवशीच्या भीतीने काढला होता, आणि नीट पाहिलं तर तो बाबांच्या शेवटच्या पगारापेक्षा दोन हजारांनी जास्त होता. त्याच्या वर मागायला माझी जीभच वळली नव्हती. काकूला हे सांगितलं. तिने मान हलवली, मला शिव्या घातल्या नाहीत. फक्त विचारलं की पुन्हा भाव सांगायला कधी मिळेल. मी म्हटलं, एप्रिलमध्ये, पगारवाढ ठरते तेव्हा.

"एप्रिलात मी बसतो तुयासंगं," ती म्हणाली. "तू फक्त मशीन चालू करून दे, आन् चूप राह्य."